अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाची वेदना आणि तिचे शमन : नवजात अतिदक्षता कक्षातील उपायांचा परिचय

गोषवारा

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला वेदना होत नाहीत, हा समज वैद्यकशास्त्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होता. १९८७ नंतर त्याचा पाया ढासळला. तरीही नवजात अतिदक्षता कक्षातील दैनंदिन वेदनांचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. प्रस्तुत लेखात या समजाचा इतिहास, अर्भकाच्या वेदनेमागील शरीरक्रिया, वेदना ओळखण्याच्या पद्धती आणि वेदनाशमनाचे औषधी व बिगर-औषधी उपाय यांचा परिचय करून दिला आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील एका अभ्यासाच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, दैनंदिन लहान वेदनांसाठीचे सर्वांत सुरक्षित उपाय आईजवळच आहेत. म्हणून आईला कक्षात स्थान देणे हा वेदनाशमनाचाच एक भाग मानला पाहिजे.

बीजसंज्ञा : अपुऱ्या दिवसांचे अर्भक, वेदनामापन, कांगारू मदर केअर, मातृदुग्ध, वेदनाशामक औषधे.

१. प्रस्तावना

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. आपल्याकडे ‘सातमाशी’ हा शब्द पूर्वापार रूढ आहे. म्हणजे अशी बाळे समाजाला अपरिचित नव्हती. मात्र त्यांतील फार थोडी जगत असत. नवजात अतिदक्षता कक्षांमुळे हे चित्र पालटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२० या वर्षी जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतातील होती. ही संख्या कोणत्याही अन्य देशापेक्षा अधिक आहे.

ही बाळे जगतात ती अतिदक्षता कक्षातील उपचारांमुळे; पण हे उपचार वेदनारहित नसतात. रक्ततपासणीसाठी टाच टोचणे, शिरेत सुई बसवणे, श्वासनळीत नळी घालणे, नळीतून स्राव ओढून घेणे, नाकातून जठरापर्यंत नळी सोडणे, त्वचेवरील चिकटपट्ट्या काढणे, या सर्व क्रिया आवश्यक आहेत आणि त्या सर्वच कमी-अधिक क्लेशकारक आहेत. जीव वाचवणे आणि वेदना टाळणे ही दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर केवळ औषधशास्त्रात नाही. परिचर्या, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि रुग्णालय-प्रशासन या सर्वांशी त्याचा संबंध आहे.

२. वेदना नाकारण्याचा काळ

नवजात बालकाची चेतासंस्था अपक्व असते. तिच्यातील तंतूंवर मज्जावरण पुरेसे चढलेले नसते. त्यामुळे बाळाच्या हालचाली केवळ प्रतिक्षिप्त असतात, त्यांमागे जाणीव नसते, अशी धारणा दीर्घकाळ प्रचलित होती. मर्टल मॅकग्रॉ यांनी १९४१ मध्ये टाचणी टोचल्यावर अर्भके कोणता प्रतिसाद देतात याची निरीक्षणे प्रसिद्ध केली. अगदी नवजात बाळांचा प्रतिसाद त्यांना क्षीण आढळला. अशा निरीक्षणांतून ‘प्रतिसाद क्षीण, म्हणून वेदनाही नाही’ असा निष्कर्ष सोयीस्करपणे काढला गेला.

या धारणेला व्यावहारिक भीतीची जोड होती. अतिशय लहान बाळाला भूल दिल्यास श्वास मंदावेल, रक्तदाब घसरेल आणि बाळ दगावेल, असे भूलतज्ज्ञांना वाटे. त्या काळातील औषधे व उपकरणे पाहता ही भीती निराधार नव्हती. परिणामी स्नायू शिथिल करणारे औषध देऊन, परंतु पुरेशी वेदनाशामके न देता शस्त्रक्रिया केल्या जात. अशा औषधाने बाळाची हालचाल थांबते. वेदना थांबत नाही.

१९८५ मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळावर हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया अशाच पद्धतीने झाली. पुढे ते बाळ दगावले. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला वेदनाशामक दिले नव्हते, हे त्याच्या आईला नंतर समजले. जिल लॉसन यांनी ही गोष्ट जाहीरपणे मांडली. १९८६ मध्ये ती वृत्तपत्रांतून गाजली आणि वैद्यक व्यवसायाला उत्तर देणे भाग पडले.

त्याच सुमारास ऑक्सफर्ड येथे या प्रश्नाचा शास्त्रीय शोध चालू होता. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन तेथे गेलेले डॉ. कंवलजित सिंग आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. वर सांगितलेलीच शस्त्रक्रिया होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीच्या औषधांसोबत फेन्टॅनिल हे प्रभावी वेदनाशामक देण्यात आले. दुसऱ्या गटाला ते दिले गेले नाही. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणसंप्रेरकांची वाढ कितीतरी अधिक आढळली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त दिसली. म्हणजे योग्य प्रमाणात वेदनाशामक देणे धोक्याचे आहे या समजाच्या उलट, ते न देणेच धोक्याचे ठरले. त्याच वर्षी अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संस्थेने नवजातांनाही शस्त्रक्रियेच्या वेळी भूल व वेदनाशमन दिले जावे, अशी भूमिका जाहीर केली.

३. अर्भकाच्या शरीरातील वेदनेचा मार्ग

त्वचेतील वेदनाग्राही चेताग्रे गर्भावस्थेच्या सुमारे विसाव्या आठवड्यापर्यंत सर्वांगावर पसरलेली असतात. तेथून निघणारे संदेश मज्जारज्जूतून थॅलॅमस या मेंदूच्या मध्यवर्ती केंद्राकडे व पुढे मेंदूच्या बाह्यपटलाकडे जातात. मज्जावरण नसल्याचा आक्षेप येथे टिकत नाही. कारण प्रौढांमध्येही वेदनेचे बरेच संदेश मज्जावरण नसलेल्या तंतूंवाटेच जातात. मज्जावरणाच्या अभावी संदेश सावकाश जातो, पण बाळाच्या लहान शरीरात त्याला अंतरही थोडेच कापावे लागते.

बाह्यपटलापर्यंत संदेश पोहोचतो काय, या प्रश्नाचे उत्तर २००६ मध्ये मिळाले. लंडन व स्टॉकहोम येथील संशोधकांनी अवरक्त किरणांच्या साहाय्याने मेंदूतील रक्तपुरवठ्याचे मापन केले. टाच टोचल्यावर किंवा शिरेत सुई घातल्यावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाह्यपटलातही प्रतिसाद उमटतो, हे त्यांनी दाखवले.

याहून महत्त्वाची बाब अशी की, अशा बाळाची वेदना प्रौढाच्या वेदनेपेक्षा कमी नसून काही बाबतींत अधिक असण्याचा संभव आहे. प्रौढ व्यक्तीच्या मेंदूकडून मज्जारज्जूकडे खाली येणारे काही संदेश वेदनेला आवर घालतात. ही आवर घालणारी यंत्रणा उशिरा परिपक्व होते. म्हणजे वेदना वर नेणारी वाट तयार असते, पण तिला लगाम घालणारी व्यवस्था अपुरी असते. मारिया फिट्झजेराल्ड व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले की, वारंवार टोचलेल्या टाचेची त्वचा अधिक संवेदनशील बनते. अशा बाळाला नंतरचा साधा स्पर्शही त्रासदायक होऊ शकतो.

या वेदनांचे परिणाम त्या क्षणापुरते नसावेत, असे मानण्यास आधार आहे. कॅनडातील व्हँकूव्हर येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या बाळांना अधिक वेदनादायक क्रियांना सामोरे जावे लागले, त्यांच्या मेंदूची वाढ तुलनेने कमी आढळली. आजाराची तीव्रता हिशेबात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. तथापि सावधगिरी बाळगण्यास तो पुरेसा आहे.

४. न रडणाऱ्या बाळाची वेदना ओळखणे

मूल रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही, असे आपण म्हणतो. या म्हणीत गृहीत धरलेली गोष्ट, म्हणजे रडण्याची शक्ती, अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ अनेकदा नसते. व्हेंटिलेटरवरील बाळाची नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असल्याने त्याचे रडणे ऐकूच येत नाही. थकलेले किंवा गंभीर आजारी बाळ वेदनेच्या वेळी निपचित पडून राहते. शांत बाळ म्हणजे सुखी बाळ, हा घरगुती निकष अतिदक्षता कक्षात फसवा ठरतो.

म्हणून वेदनामापनाच्या निरनिराळ्या श्रेणी तयार करण्यात आल्या. त्यांपैकी १९९६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मांडलेली ‘पिप’ ही श्रेणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी विशेष वापरली जाते. तिच्यात सात बाबी पाहिल्या जातात : गर्भावस्थेचे आठवडे, बाळाची जागृतावस्था, हृदयाच्या ठोक्यांतील वाढ, रक्तातील ऑक्सिजनची घट, भुवयांमधील फुगवटा, डोळे घट्ट मिटणे आणि नाकापासून ओठापर्यंतची वळी खोल होणे. प्रत्येक बाबीस शून्य ते तीन गुण देऊन बेरीज केली जाते. बाळ जितके कमी दिवसांचे, तितके त्याला अधिक गुण मूळातच दिले जातात. कारण त्याची वेदना व्यक्त करण्याची क्षमता कमी असते. क्षीण प्रतिसादाचा अर्थ वेदनेचा अभाव असा न घेता अभिव्यक्तीची मर्यादा असा घेणे, हा १९४१ पासून १९९६ पर्यंत झालेला खरा वैचारिक बदल होय.

५. दैनंदिन वेदनांचे प्रमाण

शस्त्रक्रियेच्या वेळची वेदना आता दुर्लक्षित राहत नाही. प्रश्न उरतो तो रोजच्या लहानसहान वेदनांचा. पॅरिस व परिसरातील अतिदक्षता कक्षांत ४३० नवजातांची दाखल झाल्यापासून पहिले १४ दिवस पाहणी करण्यात आली; तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक बाळाला दररोज मध्यक प्रमाणात १० वेदनादायक क्रियांना तोंड द्यावे लागत होते, आणि सुमारे ७९ टक्के वेदनादायक क्रियांच्या वेळी वेदनाशमनाचा कोणताही विशिष्ट उपाय केला गेला नव्हता. साधनसंपन्न देशातील ही स्थिति आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. वेदनेचे ज्ञान झाले म्हणजे वेदनाशमन आपोआप होते असे नाही, हा या पाहणीचा धडा आहे.

६. मुंबईतील एक अभ्यास : चिकटपट्टी आणि आई

या संदर्भात परळ येथील सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयाच्या नवजातशास्त्र विभागातील डॉ. रुची नानावटी व सहकाऱ्यांचा अभ्यास लक्षणीय आहे. तो २०१३ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी निवडलेली क्रिया कोणाच्याही नजरेत न भरणारी होती : त्वचेवरील चिकटपट्टी काढणे. सुई, नळी, तारा जागेवर राहाव्यात म्हणून बाळाच्या अंगावर चिकटपट्ट्या लावाव्याच लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की, पट्टीबरोबर त्वचेचा वरचा थर निघून येण्याचा धोका असतो. तरीही पट्टी काढणे ही ‘क्रिया’ म्हणून सहसा गणली जात नाही.

अभ्यासातील बाळे १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची होती. यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटात पट्टी काढताना कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवणे, हा उपाय वापरला गेला. दुसऱ्या गटात आईचे काढलेले दूध देण्यात आले. मापनासाठी ‘पिप’ श्रेणी वापरली गेली. निष्कर्ष दोन होते. पहिला, चिकटपट्टी काढणे ही या बाळांसाठी खरोखरच वेदनादायक क्रिया आहे. दुसरा, ती वेदना कमी करण्याच्या बाबतीत आईची छाती आणि आईचे दूध यांत फरक आढळला नाही.

दुसऱ्या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. बाळ छातीशी धरण्याइतके स्थिर नसेल किंवा आई त्या क्षणी हजर नसेल, तर दूध उपयोगी पडू शकते. दूध देता येत नसेल, तर छातीचा आधार असतो. यांपैकी कशासाठीही आयात केलेले यंत्र किंवा महाग औषध लागत नाही. एका रुग्णालयातील एका क्रियेपुरता हा अभ्यास आहे, तेव्हा त्यातून सर्व क्रियांविषयी अनुमान काढणे योग्य होणार नाही. परंतु टाच टोचणे व शिरेतून रक्त घेणे यांविषयी अन्यत्र झालेल्या अभ्यासांची दिशाही हीच आहे.

मातृदुग्धाच्या बाबतीत मुंबईला आणखी एक वारसा आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झालेली मातृदुग्धपेढी ही आशियातील पहिली मानली जाते. आईचे दूध काढणे, साठवणे व बाळाला देणे या गोष्टींची शिस्त महापालिकेच्या रुग्णालयात तेव्हापासून रुजलेली आहे.

७. अन्य बिगर-औषधी उपाय

सर्वांत पहिला उपाय म्हणजे अनावश्यक टोचणे टाळणे. अनेक तपासण्यांसाठी एकाच वेळी रक्त घेणे, ‘रोजची तपासणी’ म्हणून ठरून गेलेल्या तपासण्यांचा फेरविचार करणे, बाळाच्या झोपेच्या वेळी त्याला न हाताळणे, यांस खर्च लागत नाही. टाचेवर वापरावयाचे स्वयंचलित टोचणी-उपकरण साध्या टोचणीपेक्षा कमी वेदना देते.

दुसरा उपाय म्हणजे बाळाला आवरून धरणे. एका हाताने डोके व दुसऱ्या हाताने दुमडलेले पाय अलगद धरून बाळाला गर्भातील स्थितीसारखे ठेवले, तर वेदनेचा प्रतिसाद सौम्य होतो. बाळाला दुपट्यात लपेटण्याची आपली घरगुती रीत याच तत्त्वाशी जुळणारी आहे. हे काम आई, वडील वा आजी परिचारिकेच्या मार्गदर्शनाखाली करू शकतात.

तिसरा उपाय साखरेच्या निर्जंतुक द्रावणाचा. क्रियेच्या सुमारे दोन मिनिटे आधी साखरेच्या द्रावणाचे काही थेंब जिभेवर दिल्यास टाच टोचणे व सुई टोचणे यांवेळचा प्रतिसाद कमी होतो, असे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. या उद्देशाने ग्लुकोजचे द्रावणही वापरले जाते. तथापि येथे एक शंका नोंदवली पाहिजे. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिबेका स्लेटर व सहकाऱ्यांच्या प्रयोगात साखरेने चेहऱ्यावरील आविर्भाव कमी झाले, पण मेंदूतील वेदना-प्रतिसादात फरक आढळला नाही. साखर वेदना कमी करते की केवळ तिची खूण पुसते, हा वाद त्यामुळे अद्याप मिटलेला नाही. म्हणून साखर हे औषध मानून, मोजून व नोंद करून द्यावे, दर वेळी सवयीने देऊ नये. घरी बाळाला मध किंवा साखरपाणी चाटवण्याच्या प्रथेला यातून कोणताही आधार मिळत नाही; मधामुळे तर अर्भकाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

८. औषधे : गरज आणि मर्यादा

शस्त्रक्रिया, छातीत नळी घालणे, तातडीची नसलेली श्वासनलिका-नळी बसवणे अशा तीव्र वेदनांसाठी औषधांना पर्याय नाही. तेथे फेन्टॅनिल, मॉर्फिन यांसारखी औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलीच पाहिजेत. परंतु ‘वेदना आहे, म्हणून प्रत्येकाला मॉर्फिन’ हे सूत्रही चुकीचे ठरले आहे. व्हेंटिलेटरवरील ८९८ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सरसकट दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू किंवा मेंदूतील गंभीर इजा कमी झाली नाही; रक्तदाब घसरण्याचे प्रमाण मात्र वाढले. या प्रयोगाचे प्रमुख डॉ. आनंद हेच होते, ही बाब शास्त्रीय प्रामाणिकपणाची साक्ष देते.

डोळ्यांच्या तपासणीचे उदाहरणही बोलके आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाला होणारा विकार वेळीच न ओळखल्यास अंधत्व येते. म्हणून भारतात २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांची पहिली नेत्रतपासणी जन्मानंतर साधारण महिनाभरात होणे आवश्यक मानले जाते. ही तपासणी क्लेशकारक असते. तीपूर्वी तोंडाने मॉर्फिन देण्याचा इंग्लंडमधील प्रयोग श्वसनावरील दुष्परिणामांमुळे मुदतीपूर्वी थांबवावा लागला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणून येथे डोळे बधिर करणारे थेंब, गोड द्रावण, आवरून धरणे आणि तपासणाऱ्याचा कुशल हात यांवरच भिस्त ठेवावी लागते. वेदना टाळण्यासाठी तपासणीच टाळणे हा मार्ग कदापि नव्हे.

९. आईचे स्थान

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. तीव्र वेदनांसाठी औषधे आहेत; परंतु दिवसातून अनेक वेळा होणाऱ्या लहान वेदनांसाठी ती सुरक्षित नाहीत. तेथे उपयोगी पडणारी साधने म्हणजे त्वचेचा स्पर्श, दूध आणि आवरून धरणारे हात. ही तिन्ही साधने आईजवळ आहेत. आणि आई अनेकदा कक्षाच्या बाहेर आहे.

यामागे जंतुसंसर्गाची भीती, जागेची अडचण व परिचारिकांवरील कामाचा ताण ही कारणे आहेत. त्यांना सामाजिक कारणांची जोड मिळते. तळवली, घणसोली, रबाळे अशा ठाणे-बेलापूर मार्गावरील वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबाचे बाळ वाशी, ठाणे किंवा मुंबईच्या रुग्णालयात दाखल करावे लागले आणि आई दुसऱ्याच प्रसूतिगृहात असली, तर पहिले काही दिवस दोघांची ताटातूट होते. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रीला रोजचा प्रवास शक्य नसतो. घरी दुसरे मूल असते. वडिलांचा रोजगार बुडत असतो. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत आजारी नवजाताचे उपचार व वाहतूक विनामूल्य करण्यात आली. मात्र बाळाजवळ आईला राहण्यासाठी जागा नसेल, तर वेदनाशमनाच्या दृष्टीने ही तरतूद अपुरीच राहते.

धोरणाची दिशा मात्र अनुकूल आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये कांगारू मदर केअरसंबंधी व २०१७ मध्ये नवजाताच्या शुश्रूषेतील कुटुंबाच्या सहभागासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १००० ते १७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू मदर केअर देण्यात आली. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण त्यांच्यात १२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात १५.७ टक्के होते. यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच ठेवण्यात आली होती. आईमुळे कक्ष असुरक्षित होतो या समजाला यामुळे मोठा धक्का बसला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपुऱ्या दिवसांच्या सर्व बाळांसाठी या पद्धतीची शिफारस केली.

१०. समारोप

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या वेदनेचा इतिहास हा प्रामुख्याने वाचन चुकल्याचा इतिहास आहे. बाळ खुणा देत होते. त्या वाचण्याची रीत वैद्यकाजवळ नव्हती. आता ती आहे. वेदनेची नोंद तापमान व नाडीच्या नोंदीप्रमाणेच बाळाच्या तक्त्यावर व्हावी. प्रत्येक क्रियेपूर्वी ‘ही आवश्यक आहे काय?’ आणि ‘ही करताना बाळाला कोणाचा आधार आहे?’ हे दोन प्रश्न विचारले जावेत. आणि आईला भेटीच्या वेळेपुरती पाहुणी न मानता शुश्रूषेतील सहभागी मानले जावे, एवढ्या तीन गोष्टी बहुतेक रुग्णालयांच्या आवाक्यातील आहेत.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या विषयाशी संबंध दूरचा नाही. परिचर्या, गृहविज्ञान, मानसशास्त्र, समाजकार्य या शाखांतील विद्यार्थी उद्या याच कक्षांत काम करतील. अन्य शाखांतील विद्यार्थी पालक म्हणून त्यांच्या दाराशी उभे राहतील. पट्टी काढताना बाळाला छातीशी धरू द्यावे, असे विनयाने पण ठामपणे म्हणता येण्याइतके ज्ञान त्यांच्याजवळ असणे, ही शिक्षणाकडून ठेवण्याजोगी माफक अपेक्षा आहे.